डिकीचे शॉकअप बदलताना

सामान काढायला डिकीत वाकावं आणि वरचा दरवाजा अलगद मानेवर यावा, असं एकदा झालं की बरेच जण गाडीत एक काठी ठेवतात आणि पुढची दोन वर्षं त्या काठीवर काढतात. कृपा करून असं करू नका. काठी निसटली तर दरवाजा पूर्ण वजनानिशी खाली येतो, आणि त्याच्या खालच्या कडेला असलेलं लॅचचं लोखंड नेमकं डोक्याच्या उंचीवरून फिरतं. शेजारी मूल उभं असेल तर काय होईल, ते सांगायला नको. उघडा दरवाजा वर तोलून धरणाऱ्या दोन्ही बाजूंच्या नळ्या, म्हणजेच शॉकअप, बदलणं हे अर्ध्या तासाचं काम आहे आणि हत्यारंही घरात असतात तेवढीच लागतात. चुका होतात त्या बसवण्यात कमी आणि विकत घेण्यात जास्त, म्हणून खाली खरेदीबद्दल जरा लांबण लावली आहे.

इथे सांगितलेलं सगळं वर उघडणाऱ्या डिकीसाठी आहे: स्विफ्ट, वॅगनआर, इंडिका, ओम्नी, इनोव्हा असल्या गाड्या. बोलेरोसारख्या बाजूला उघडणाऱ्या दाराला यातलं थोडंच लागू पडतं.

नळीत काय असतं

बोलीभाषेत शॉकअप म्हणत असलो तरी चाकाच्या शॉकअपशी याचा फारसा संबंध नाही. ही बंद नळी असते. तिच्यात खूप दाबाने नायट्रोजन भरलेला असतो, थोडंसं तेल असतं आणि बाहेर येणाऱ्या रॉडच्या टोकाला एक पिस्टन असतो. पिस्टनला बारीक भोक असल्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच असतो. रॉड बाहेर ढकलला जातो तो फक्त स्वतःच्या जाडीपुरता. त्यामुळे हिशेब सोपा आहे: ८ मिलिमीटर जाडीच्या रॉडचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिलिमीटर भरतं, आणि त्यावर ४०० न्यूटन जोर हवा असेल तर आत सुमारे ८० बार दाब लागतो. गाडीच्या टायरात सव्वादोन बारच्या आसपास हवा असते. म्हणजे टायरच्या पस्तीसपट दाब अंगठ्याएवढ्या जाडीच्या नळीत कोंडलेला आहे. जुना शॉकअप 'मेलेला' दिसला तरी त्यात यातला बराच दाब शिल्लक असतो. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढच्या सगळ्या सूचना आपोआप पटतील.

हा सगळा दाब रॉडभोवतीचं एक रबरी सील अडवून धरतं. ते वर्षानुवर्षं थोडा थोडा गॅस सोडतंच. रॉडवर ओरखडा पडला, गंज चढला किंवा रंगकाम करताना स्प्रेचे शिंतोडे उडून सुकले, की दर उघडझापीला सील घासलं जातं आणि गळती वाढते. रत्नागिरी, मालवण, गोवा या खाऱ्या हवेच्या पट्ट्यात गाडी उघड्यावर राहत असेल तर रॉडवरचा मुलामा लवकर ठिपक्याठिपक्यांनी उठतो, आणि शॉकअपचं आयुष्य देशावरच्या गाडीपेक्षा कमी भरतं.

खरंच शॉकअपच गेलेत का

डिकी पूर्ण उघडा, मग हाताने अर्ध्यापर्यंत खाली आणा आणि हात तिथेच तयार ठेवून पकड सैल करा. चांगल्या जोडीवर दरवाजा निम्म्याच्या वर कुठेतरी स्वतःहून थांबतो किंवा वर जाऊ लागतो. खाली घसरत असेल तर जोर कमी झाला आहे.

मग रॉड जवळून पाहा. निरोगी रॉड कोरडा आणि आरशासारखा चकचकीत असतो. गळणाऱ्या रॉडवर सीलपाशी तेलाचं काळपट वलय दिसतं आणि त्यावर धूळ चिकटून दळलेल्या मिरीसारखा थर बसलेला असतो. बोट फिरवलं तर चिकट लागतं. अगदी पुसट, जेमतेम जाणवणारा तेलाचा हात चालतो. ओघळ चालत नाही.

हवामानाचाही हिशेब धरा. नळीवर छापलेला जोर २० अंशांना मोजलेला असतो आणि दर १० अंशांना तो साधारण साडेतीन टक्क्यांनी कमीजास्त होतो. निफाडच्या डिसेंबरातल्या पहाटेपासून एप्रिलच्या दुपारपर्यंत ३० अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे जोरात १० टक्क्यांचा. 'सकाळी पडते, दुपारी राहते' अशी डिकी दुरुस्त झालेली नसते. शॉकअप काठावर आलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ.

शॉकअप नवे असूनही डिकी पडत असेल, तर मागे नंतर बसवलेला स्पॉयलर, दरवाजात बसवलेले स्पीकर, दरवाजावरची शिडी यांचं वजन तपासा. बिजागऱ्यांत थेंबभर तेल घालून पाहा. गंजलेली बिजागरी दरवाजा वर जाऊ देत नाही आणि बोल शॉकअपला लागतो. आणि फक्त खडखड आवाज येत असेल, जोर ठीक असेल, तर शॉकअपच्या टोकाची, गाडीवरच्या स्टडच्या गोल डोक्यावर (गोळीवर) बसणारी प्लास्टिकची वाटी फुटली आहे का ते बघा. ज्या शॉकअपच्या टोकाला आटे असतात त्यांची वाटी वेगळी मिळते, अख्खा नग बदलावा लागत नाही.

खरेदी: चार मापं आणि एक आकडा

गाडी मारुतीची असेल तर पार्टच्या काउंटरवर 'बॅक डोअर बॅलन्सर' म्हणा, टोयोटाची असेल तर 'बॅक डोअर स्टे'. कॅटलॉगमध्ये त्याच नावाने सापडतो. चासिस नंबर द्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत शॉकअप बदललेला असू शकतो, आणि मागे वायपर असलेल्या प्रकाराचा जोर वायपर नसलेल्यापेक्षा वेगळा असू शकतो. काही गाड्यांत डावा आणि उजवा यांचे पार्ट नंबर वेगळे असतात, तेही विचारून घ्या.

कंपनीचा नग मिळत नसेल, गाडी जुनी म्हणून पुरवठा बंद झाला असेल, तर मापावरून घ्यावा लागतो. तेव्हा हे लिहून न्या. डिकी पूर्ण उघडी असताना एका गोळीच्या मध्यापासून दुसऱ्या गोळीच्या मध्यापर्यंतची लांबी. रॉड आत किती जातो ते, म्हणजे स्ट्रोक. रॉडची आणि नळीची जाडी. ६ ला १५, ८ ला १८ आणि १० ला २२ मिलिमीटर या जोड्या नेहमीच्या. गोळीचा व्यास, जो बहुतेक १० मिलिमीटर असतो, पण गृहीत धरू नका. आणि नळीवरच्या लेबलवरचा आकडा, ज्याच्यापुढे इंग्रजी एन छापलेला असतो. तो न्यूटनमधला जोर. १० न्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा रेटा. लेबल काळं पडलं असेल तर ओल्या फडक्याने हळूच पुसा. पेट्रोल किंवा थिनर लावलं तर छपाईच निघून जाते.

लांबीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक खपतो. जास्त लांब घेतला तर उघडलेली डिकी पूर्वीपेक्षा वर जाते आणि काचेची वरची कड छताच्या पत्र्याला भिडू शकते. स्ट्रोक कमी पडला तर त्याहून वाईट: डिकी बंद होण्याआधीच रॉड आत पूर्ण टेकतो, आपण जोर लावून दाबतो आणि बिजागरी किंवा गोळीचा ब्रॅकेट वाकतो.

आता जोराबद्दल. दुकानात 'थोडा हेवी देतो, वर्षानुवर्षं बघायला नको' असं हमखास ऐकू येतं. घेऊ नका. कारण समजून घ्यायला एक सोपं उदाहरण धरा: २० किलोचा दरवाजा, त्याचं वजन बिजागरीपासून ४५ सेंटिमीटरवर एकवटलेलं. दरवाजा आडवा असताना तो बिजागरीभोवती सुमारे ९० न्यूटन-मीटरने खाली फिरू पाहतो. शॉकअपची रेषा बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवरून जात असेल, तर दोघांनी मिळून ७५० न्यूटन, म्हणजे प्रत्येकी ३७५ न्यूटन लावले की तोल बसतो. कारखान्यात यावर थोडीशी जादा भर धरून ४०० वगैरे आकडा ठरवलेला असतो. तिथे तुम्ही ५५० चा नग लावलात तर उरलेला रेटा जातो कुठे? बिजागरीच्या बोल्टवर, गोळीमागच्या पातळ पत्र्यावर आणि बंद असताना लॅचवर. डिकी झटक्याने वर उडते, बंद करायला दोन हात लागतात, आणि काही महिन्यांनी गोळीभोवतीच्या पत्र्यात बारीक चीर दिसू लागते. जुन्या, थोड्या गंजलेल्या गाडीत तर हे लवकरच होतं. दरवाजाला खरोखर कायमचं वजन वाढलं असेल तरच आकडा वाढवा, आणि तोही वरच्यासारखा हिशेब मांडून.

गॅस भरून मिळणारे जुने शॉकअप टाळा. गॅस नवा भरतात, सील जुनंच राहतं, आणि नळीला केलेलं भोक किंवा वेल्डिंग ८० बारच्या दाबाला किती टिकेल याची हमी कोणी देत नाही.

आणि जोडीच घ्या. एक नवा, एक जुना लावला की दरवाजा एका कोपऱ्याने वर उचलला जातो, पीळ बसतो, लॅच तिरकं लागतं आणि मागच्या काचेभोवतीची फट दोन बाजूंना वेगळी दिसते.

हाताशी काय हवं

बारीक चपट्या तोंडाचा स्क्रू ड्रायव्हर, १० आणि १२ मिलिमीटरचे पाने किंवा सॉकेट, गंज सोडवणारं स्प्रेचं तेल, पांढऱ्या ग्रीसचा बोटभर गोळा, दोन जाड फडकी, डोळ्यांना चष्मा. शिवाय एक माणूस. माणूस नसेलच तर झाडूचा किंवा मॉपचा लाकडी दांडा, दोन्ही टोकांना फडकं गुंडाळून घट्ट बांधलेला. दांड्याचं वरचं टोक लॅचच्या खाचेजवळच्या मजबूत भागाला टेकवा, खालचं डिकीच्या उंबऱ्यातल्या लॅचच्या कडीपाशी. काचेला किंवा प्लास्टिकच्या आतल्या पॅनेलला टेकू देऊ नका. तरीही माणूस बरा. दांड्याला गाडी हलल्याचं कळत नाही.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, वारा नसलेल्या आडोशाला उभी करा. उघडी डिकी म्हणजे शीडच, एखादी झुळूक दरवाजा दांड्यावरून उचलून नेते. काम सुरू करण्याआधी उघड्या डिकीच्या खालच्या कडेची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवा आणि शॉकअपचा फोटो काढा: रॉड कोणत्या बाजूला आहे, वाटीला गोळीवर धरून ठेवणाऱ्या खटक्याचं तोंड कुठे आहे, ते दिसलं पाहिजे.

काढणं

डिकी शेवटपर्यंत उघडी हवी. हा नियम मोडू नका. पूर्ण उघड्या अवस्थेत रॉड पूर्ण बाहेर असतो, म्हणून टोक सुटलं तरी झेप घेत नाही. अर्धी उघडी असताना टोक सोडवलं तर तोच शॉकअप काचेवर किंवा तुमच्या जबड्यावर येईल.

आधार लावून झाल्यावर एकाच बाजूचा शॉकअप घ्या. दुसरा तसाच राहू द्या. अशक्त असला तरी थोडा भार तो उचलतो, आणि दरवाजा जागेवर राहिल्यामुळे नव्याची लांबीही बिनचूक जुळते.

टोकाच्या वाटीवर स्प्रिंगच्या पत्र्याचा, अर्धवर्तुळ वाकवलेला खटका दिसेल. त्याच्या मोकळ्या कडेखाली स्क्रू ड्रायव्हरचं टोक सरकवा आणि तीन-चार मिलिमीटर उचला. तेवढंच. त्याच वेळी दुसऱ्या हाताने वाटी गोळीवरून सरळ बाहेर ओढा, पिळू नका. खटका पूर्ण उपसून काढला तर तो उडतो, गवतात हरवतो, आणि परत बसवला तरी त्याची पकड पहिल्यासारखी राहत नाही. जुना शॉकअप टाकूनच द्यायचा असला तरी ही सवय हातात असू द्या, कारण नव्यावरही असाच खटका असतो. चष्मा याच क्षणासाठी घातलेला आहे. काही शॉकअपना पत्र्याऐवजी गोल तारेचा खटका असतो, भोकातून आरपार गेलेला. तो मात्र तारेचं टोक धरून पूर्ण बाहेर काढावा लागतो.

आधी वरचं टोक सोडवा, हाताने शॉकअप धरून तो फडक्यावर टेकवा, मग खालचं. उलट केलं तर सुटलेलं खालचं टोक वरून लोंबकळत काचेवर आपटतं.

पावसाळे खाल्लेल्या गाडीत वाटी गोळीवर जाम झालेली असते. तेल मारून दहा मिनिटं थांबा, वाटी डावी-उजवीकडे हलवून पाहा, पुन्हा तेल मारा. स्क्रू ड्रायव्हर पत्र्यावर टेकवून उचकटू नका, रंगाला जी खोच पडते तिथून पुढच्या पावसात गंज सुरू होतो. तरीही सुटेना तर गोळीसकटच काढा: गोळीच्या बुडाशी षटकोनी गळा असतो, त्याला पाना लावून पूर्ण स्टड सोडवता येतो. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत टोकाला वाटी नसून बोल्ट लावलेला ब्रॅकेट असतो. तिथे परत बसवताना बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून मगच पान्याने आवळा, कारण मागच्या वेल्ड केलेल्या नटचे आटे गेले तर अर्ध्या तासाचं काम दिवसभराचं होतं.

फार जुन्या काही गाड्यांत मागच्या काचेच्या डिफॉगरचा करंट शॉकअपमधूनच जातो. टोकाला वायर जोडलेली दिसली तर आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, आणि साधा शॉकअप त्या जागी चालणार नाही हे ध्यानात घ्या.

बसवणं

गोळी फडक्याने स्वच्छ पुसा. गंजाचे खवले असतील तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. खोल खड्डे पडले असतील तर स्टड नवाच लावा, नाहीतर नवी वाटी सहा महिन्यांत खाईल. गोळीवर ज्वारीच्या दाण्याएवढं ग्रीस लावा. रॉडला मात्र काहीही लावायचं नाही, ना ग्रीस, ना इंजिन ऑइल. त्यावर धूळ बसते आणि ती धूळ सील कापते.

दिशेचं बघा. डिकी बंद असताना रॉड खालच्या बाजूला आणि नळी वर, ही सर्वसाधारण रीत आहे. नळीतलं तेल त्यामुळे सीलपाशी साचतं, सील ओलं राहतं आणि डिकी उघडताना शेवटच्या टप्प्यात पिस्टन तेलात शिरून वेग हळुवार कमी होतो. उलटा बसवलेला शॉकअपही दरवाजा उचलतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. पण शेवटी धाडकन आपटतो आणि सील कोरडं पडून लवकर जातो. तुमच्या गाडीत कारखान्याहून वेगळी दिशा असेल तर काढलेला फोटो प्रमाण.

नवा शॉकअप हाताने दाबून आखूड होत नाही, प्रयत्नही करू नका. खालची वाटी गोळीसमोर सरळ धरा आणि तळहाताने दाबा. 'टक' असा स्पष्ट आवाज येतो. मग वरची. दोन गोळ्यांमधली जागा दोन-चार मिलिमीटर कमी पडत असेल तर मदतनिसाला दरवाजा आणखी वर रेटायला सांगा, गोळी आपोआप समोर येते. हातोडी वापरायची नाही. प्लास्टिकची वाटी एका ठोक्यात आतून तडकते आणि बाहेरून काही दिसत नाही. बसल्यावर वाटी जोरात ओढून पाहा, खटका पूर्ण बसला आहे का बोटाने चाचपा. मग दुसरी बाजू.

या सगळ्यात रॉडला पक्कड कधीही लावू नका. पकडीच्या दातांचा केसाएवढा चरा पुरतो.

पहिल्यांदा बंद करताना

आधार काढा, पण डिकी एकदम आपटू नका. हळू खाली आणत अर्ध्यावर थांबा आणि दोन्ही बाजूंना बघा: नळी कुठे पत्र्याला, रबराच्या बीडिंगला किंवा वायरींच्या रबरी नळीला घासते का. शेवटच्या हातभर अंतरात अचानक कडक लागलं तर दाबू नका, उघडा आणि स्ट्रोक पुन्हा मोजा. सगळं मोकळं असेल तर बंद करा, उघडा, आणि आधी मोजलेल्या उंचीशी ताडून बघा. दोन्ही कोपरे सारखे वर आले पाहिजेत.

नवी जोडी बंद दरवाजालाही बाहेर ढकलत असते, त्यामुळे कधी कधी डॅशबोर्डवर डिकी उघडी असल्याचा दिवा लागतो किंवा खड्ड्यात दरवाजा खडखडतो. दरवाजाच्या खालच्या कोपऱ्यांतले रबरी स्टॉपर अर्धा-अर्धा फेरा आत-बाहेर फिरवून हे जुळवता येतं. तेवढ्याने भागलं नाही तर लॅचच्या कडीचे बोल्ट सैल करून कडी किंचित सरकवावी लागते. आधी तिची मूळ जागा पेन्सिलने आखून ठेवा.

घरच्यांना एक सांगून ठेवा. इतकी वर्षं डिकी हाताने उचलायची सवय झालेली असते आणि आता ती स्वतःहून वर जाईल. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये वरून पाण्याचे पाइप गेलेले असतात, पहिला ठोका तिथेच बसतो. आणि बंद करताना कडेला धरून नाही, मध्यावर हात ठेवून दाबा, म्हणजे दोन्ही शॉकअपवर सारखा भार येईल.

जुन्या जोडीचं काय करायचं

कापू नका, भोक पाडू नका, वेल्डिंगवाल्याला देऊ नका, आणि कचऱ्याबरोबर पेटवू तर मुळीच नका. तापला की आतला दाब वाढतो आणि नळी फुटून रॉड बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. भंगारवाल्याला देताना 'यात गॅस आहे, गॅसकटर लावायचा नाही' असं तोंडी सांगा आणि नळीवर मार्करने लिहाही, कारण घेणारा एक असतो आणि कापणारा दुसरा. जमलं तर ज्या गॅरेजमधून नवे घेतलेत तिथेच परत द्या.